मामीची मूठ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या मामीचे. आई गेली तेव्हा मी दुसरीत होतो. वडील कामासाठी सुरतेला गेले आणि तिकडचेच झाले. पारोळ्याजवळच्या एका गावात मामा लोकांचे ट्रॅक्टर चालवायचा. त्याच्या घरी मामीनं मला ठेवून घेतलं. ठेवून घेतलं हा शब्दही तिला आवडत नाही. ती म्हणते, "ठेवानं काय त्यामा? पोऱ्या घरमाच व्हता."

ती शाळेत गेलेली नाही. पण मी तालुक्याच्या शाळेत जावं, मग धुळ्याला कॉलेजात जावं आणि आमच्या दोन्ही घरांतला पहिला पदवीधर व्हावं, हे तिनं ठरवलं. ते कसं पार पाडायचं याची तिची एक पद्धत होती. ती पद्धत सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

आमच्याकडे बायका देवीला नवस बोलतात. मुलगा होऊ दे, लुगडं नेसवीन. नोकरी लागू दे, नारळाचं तोरण बांधीन. मामीला हा प्रकार पटत नसे. "देवीले लुगडास्नी काय कमी शे?" ती म्हणायची. तिच्या मते देवीपुढे जायचं ते आपण काय राबणार हे सांगायला. आधी आपला वाटा कबूल करायचा, मग तिचा मागायचा. घरातल्या देव्हाऱ्यात कानबाईचा, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीचा, नारळ असे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. माझी दहावी जवळ आली आणि गणित काही जमेना, तेव्हा तिनं मला मानगुटीला धरून त्या नारळापुढे उभं केलं.

"कानबाई माय," ती म्हणाली, "हाऊ पोऱ्या रोज जेवाना आगोदर गणितं करी. करी नही, ते त्याले मी देखसू. करी, ते तू देख."

मला कुणी विचारलं नव्हतं. पण देवीपुढे शब्द गेला होता, आणि गणितं झाल्याखेरीज ताट वाढलं जाणार नव्हतं. मामा बाजेवर बसून हसायचा. "भो, तुनी मामी देवीजोडे दुसरासनी मजुरी कबूल करी येस," तो म्हणायचा. खरंच होतं ते. माझ्या बारावीची मजुरी तिनं कबूल केली, बी.एस्सी.ची केली, जळगावला नोकरीच्या परीक्षेला बसलो त्याची केली. एकदा तर मामाची तंबाखू सोडण्याची मजुरीही ती परस्पर कबूल करून आली होती. ती मात्र फळाला आली नाही. मामा म्हणाला, देवीनं त्याचा अर्ज फेटाळला.

मला धुळ्याला सरकारी कचेरीत लिपिकाची जागा मिळाली. एका मारवाडी शेठच्या किराणा दुकानावर भाड्याची खोली घेतली. नोकरीचं दुसरं वर्ष चालू होतं. दिवाळीनंतर थंडी पडू लागली होती. एके दिवशी सकाळी मामाचा फोन आला. मामी चुलीपुढून उठताना पडली होती. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची उजवी बाजू गेली होती. तिला धुळ्यालाच आणलं. दवाखान्यात ती किती दिवस होती ते मी मोजलं नाही. जीव वाचला, बोलणं हळूहळू सुधारलं, काठी धरून पायही टाकू लागली. हात मात्र तसाच लोंबत राहिला. डॉक्टर म्हणाले, आता औषधाचं काम कमी, व्यायामाचं जास्त. रोज करायला हवा, आणि शिकवणारं माणूस जवळ हवं. गावात ती सोय नव्हती, म्हणून दवाखान्यातून मी तिला माझ्या खोलीवर आणलं. मामा पेरणी-नांगरणीच्या कामांसाठी गावी राहिला. दर रविवारी तो एसटीनं यायचा, पिशवीत वांगी आणि दादर ज्वारीचं पीठ घेऊन.

व्यायाम शिकवायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी होती. मामी तिला मालिशवाली पोर म्हणायची. त्या मुलीनं मला सगळं नीट समजावून सांगितलं. मऊ चेंडू हातात देऊन बोटं त्याच्याभोवती वळवायची. कणकेचा गोळा दाबायचा. आधी बोटं येतील, तीही एकेक करून. "अंगठा सगळ्यात शेवटी येतो," ती म्हणाली. "बोटं मिटली तरी अंगठा बाजूला पडून राहतो. तो आपणहून बोटांवर आडवा आला की समजा मूठ झाली."

"कितला दिन लागतीन?" मामीनं विचारलं.

"मेहनत रोजची, आजी. फळ कधी ते मी सांगणार नाही."

मामी माझ्याकडे वळून म्हणाली, "हाई पोर ते कानबाईसारखीच बोलस."

त्या दिवशी ती एवढंच हसली. खोलीवर आली आणि तिनं हात चालवायला नकार दिला. मी चेंडू हातात ठेवायचो, तो घरंगळून खाटेखाली जायचा आणि ती भिंतीकडे बघत बसायची. माझ्या खोलीत एका फळीवर देवीची तसबीर होती. पूर्वी मामी दोन दिवसांसाठी आली तरी त्या तसबिरीपुढे दिवा लावायची. आता तिनं तिकडे पाहणंही सोडलं. मला आधी वाटलं, ती देवीवर रुसली असेल. एकदा मी विचारलंच, "मामी, देवीले काही मांगत नही का?"

"काय मांगू?" ती म्हणाली. "मांगाना आगोदर कबूल करनं पडस. जिना हातच नही ऱ्हायना, ती काय कबूल करी?"

रुसवा असता तर मी काढला असता. पण तिचा हिशेब तिच्यापुरता बरोबर होता. आयुष्यभर ज्या हाताच्या जोरावर ती देवीशी बोलत आली, तोच गेला होता. आपल्याजवळ द्यायला काही उरलं नाही, म्हणजे आता मागायचाही हक्क नाही, असं तिला वाटत होतं. दवाखान्यातल्या कुठल्याही दिवसापेक्षा मला त्या दिवशी जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला जाण्याआधी पांझरेच्या काठच्या देवीच्या देवळात गेलो. मी सायन्सचा पदवीधर. देव आहे की नाही यावर कॉलेजात मी वाद घातलेले आहेत, दोन्ही बाजूंनी. पण त्या गाभाऱ्यापुढे उभा राहिलो तेव्हा मला वादातलं काहीच आठवलं नाही. मामीचीच रीत आठवली. मी हात जोडले आणि जवळजवळ मोठ्यानंच म्हणालो, की माझी मामी रोज सकाळी आणि संध्याकाळी हात चालवील. तिचा सकाळचा व्यायाम होईपर्यंत मी चहा घेणार नाही. श्रावणात कानबाईचे गहू तिच्या उजव्या मुठीनं मोजले जाऊ दे.

आता हे गव्हाचं सांगायला हवं. श्रावणात कानबाई बसते. तिच्यासाठी घरोघरी गव्हाचे जाडजूड रोट करतात. त्या रोटांचे गहू मापानं घेत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं एकेक मूठ, असे घेतात, आणि मूठ असते घरातल्या थोरल्या सुनेची. मामा आणि त्याचा भाऊ यांचं कुळ एक, म्हणून त्या घरात ती मूठ मामीची. हे रोट फक्त त्या कुळातल्या माणसांनी खायचे. मी भाचा, परक्या कुळाचा, म्हणून मला ते चालत नाहीत. लहानपणी मामी त्या दिवशी माझ्यासाठी वेगळी पोळी लाटायची आणि तूप दुसऱ्यांपेक्षा जास्त घालायची. मामीच्या लेखी वर्षातलं सगळ्यात मोठं काम ते गहू मोजण्याचं. म्हणून मी तेच मागितलं.

घरी येऊन मी तिला सांगितलं. ती खाटेवर ताडकन सरळ झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"तू माले इचारं का?"

"तू माले कधी इचारं?" मी म्हणालो.

मग तिनं दुसरीकडून सुरुवात केली. "आन गया कोठे? पांझरावर! मनी देवी कोन्ती, सांगं कोन्तीले!"

"बहिनी शेत त्या. सांगतीन एकमेकले."

"बहिनी कधी निरोप बराबर देतस का?" ती म्हणाली. "आन तुना चहा कसाले मधमा घाला?"

मी डबा घेतला आणि चहा न घेता ऑफिसला गेलो. दुसऱ्या दिवशीही तसाच. माझं डोकं चहाशिवाय चालत नाही हे तिला शाळेपासून माहीत होतं. पुढच्या सकाळी मी चपला घालत होतो, तर मागून आवाज आला, "आन तो चेंडू. आन गॅसवर आधन ठेव. उपाशी फिरस घोडानागत."

म्हणजे तिनं व्यायाम सुरू केला तो माझ्या चहासाठी. हे ती आजही कबूल करणार नाही.

मग आमच्या सकाळी ठरून गेल्या. मी तिच्या समोर पाटावर बसायचो, तिचा हात माझ्या गुडघ्यावर घ्यायचो आणि एकेक बोट चेंडूवर वळवायचो. ती माझ्या ऑफिसातल्या गोष्टी विचारायची. साहेब रागावतो का, डब्यातली भाजी कुणी खाल्ली, लग्नाचं काय. बोट दुखलं की मला शिव्या द्यायची आणि लगेच विचारायची, "आते उकळना का चहा?" थंडी गेली, होळी गेली. बोटं मेलेल्यासारखीच होती. धुळ्याचा उन्हाळा सुरू झाला, खिडकीत कूलर आला, आणि तरी काही नाही. मीही मनातून खचत होतो. पण शब्द गेलेला होता, आणि समोर चहाचं भांडं होतं.

खाली शेठाणी वर्षाचा गहू भरत होती. तिनं मामीला हाक मारली, "अरी बाई, ऊपर अकेली क्या करते? गहू निवडाला या ना." मी मामीला काठीनं जिन्यावरून खाली उतरवलं. मामी डाव्या हातानं निवडायला लागली, तर शेठाणीनं तिचा डावा हात पदरात गुंडाळून ठेवायला लावला. "वो हात को आराम. ये वाला काम करेगा." मामीला हे अजिबात आवडलं नाही. माझ्याकडे चहाडी केली, "मारवाडीन मोठी सासूच शे." पण दुसऱ्या दिवशी वेळ झाली तशी ती आपणहून जिन्याशी जाऊन उभी राहिली. सुपातले खडे उजव्या हाताच्या बोटांनी ती नुसते ढकलायची. दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या. किती समजायचं देव जाणे, पण सुना या विषयावर त्यांचं पूर्ण एकमत होतं.

करंगळी आधी आली. सकाळी चेंडू धरताना ती किंचित आत वळली. मी ओरडलो. मामीनं डाव्या हातानं माझं तोंड दाबलं. "हळू! दृष्ट लागी." त्या संध्याकाळी ऑफिसातून आलो तर फळीवरच्या तसबिरीपुढे दिवा लागलेला होता. वात वाकडी होती, तेल फळीवर सांडलेलं होतं.

एकेक करून इतर बोटंही येऊ लागली. पूर्ण नाही, अर्धी-मुर्धी. कणीक दाबली की खूण उमटायची. अंगठा मात्र बाजूला पडून राहायचा, बैठकीत न बोलणाऱ्या पाहुण्यासारखा. रोज सकाळी शेवटी मी तो माझ्या हातानं बोटांवर आणून ठेवायचो. सोडला की तो परत जायचा.

श्रावण लागला. मी रजा काढून तिला गावी घेऊन गेलो. घरी गेल्या गेल्या तिनं देव्हारा पुसायला घेतला. गावात कानबाईची धांदल उडालेली होती. गिरणीवाल्यानं गिरणी धुऊन ठेवली होती, कारण त्या दिवशी तिच्यात रोटाशिवाय दुसरं दळण पडत नाही. गहू मोजायला सगळे ओसरीवर जमले. मी कुळाचा नाही, म्हणून उंबऱ्याशी बसलो. मामा एकेक नाव घेणार होता. मामीची धाकटी जाऊ ताट धरून बसली होती.

मामानं पहिलं नाव त्याच्या भावाचं घेतलं. मामीनं उजवा हात गव्हाच्या राशीत घातला. बोटं मिटली. हात वर आला आणि गहू बोटांच्या फटींतून गळायला लागले. ताटात पडेपर्यंत निम्मे खाली सांडले होते. पुढचं नाव, पुन्हा तेच.

धाकटी जाऊ हळूच म्हणाली, "अक्का, डावा हातथीन लेवो का?"

"नही," मामी म्हणाली.

"मंग दोन येळा लेवो. एकनी दोन मुठी."

"मूठ म्हंजे मूठ. कानबाई सांगे का, दोन येळा ले म्हनून?"

शेवटचं नाव मामाचं स्वतःचं. तोवर तिच्या कपाळावर घाम आला होता. ती गव्हाकडे बघत होती, फक्त गव्हाकडे. मूठ ताटावर रिकामी झाली आणि तिनं हात पदराखाली घेतला.

रविवारी कानबाई बसली. रोट झाले ते तळहाताएवढे. मामाच्या भावानं आपला रोट उलटसुलट करून पाहिला. मामा म्हणाला, "यंदा कानबाईनी आमले पथ्यवर ठेवं." सगळे हसले. मामी हसली नाही. तिनं माझी वेगळी पोळी लाटली, तीही वाकडी झाली होती, आणि तूप वाढताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

सोमवारी विसर्जन झालं आणि मी निघालो. मामी गावीच राहणार होती. ओट्यावर बसूनच ती म्हणाली, "भो, मी मूठभर मांगं, देवीनी चिमूटभर दिधं. मनी मेहनत कमी पडनी, नहीते तिनं मन नही व्हतं. आते तो चेंडू तूच ली जाय."

मामा मोटरसायकल सुरू करून फाट्यावर सोडायला उभा होता, एसटीची वेळ झाली होती. मला तिला एक गोष्ट सांगायची होती, पण त्या गडबडीत, चारचौघांत, ती मला धड सांगता आली नसती. चेंडू मी घेतला नाही. फोन करता आला असता. पण फोनवर मामी ओरडून बोलते, आपलं सांगून झालं की ठेवून देते. शिवाय ती स्वतःच म्हणते, "फोनवरलं उडी जास, कागदवरलं ऱ्हास." म्हणून धुळ्याला पोहोचल्यावर पत्र लिहिलं. मामा सातवीपर्यंत शिकला आहे. तो माझी शाळेतली मराठी आपल्या अहिराणीत करून तिला वाचून दाखवतो.

ती. मामीस,

शि. सा. न.

मी सुखरूप पोहोचलो. शेठाणी जिन्यातच भेटल्या, तुझी चौकशी केली. त्यांना सांगितलं की रोट झाले. त्यांनी विचारलं, कोणत्या हाताने? मी म्हटलं, उजव्या. त्यांनी तिथेच जिन्यात हात जोडले.

निघताना तू जे बोललीस त्याचं उत्तर मला तिथे देता आलं नाही. आता देतो. गहू सांडले हे खरं आहे. पण तू सारा वेळ गव्हाकडे बघत होतीस. मी उंबऱ्यावर बसलो होतो, मला गहू दिसतच नव्हते. मी तुझ्या अंगठ्याकडे बघत होतो, कारण रोज सकाळी मीच तो उचलून बोटांवर ठेवत आलोय. पहिल्या नावाला तो बाजूला पडून होता. नंतरच्या नावांनाही तसाच होता. मामाचं नाव आलं तेव्हा तू दमली होतीस, आणि मूठ घट्ट धरावी म्हणून तू दात आवळलेस. तेव्हा अंगठा आला, मामी. आपणहून आला आणि बोटांवर आडवा झाला. तू हात पदराखाली घेतलास तेव्हाही तो तिथेच होता. खोटं वाटत असेल तर धाकट्या मामीला विचार, तिच्या ताटावरच तो आला होता. मामाच्या मुठीचे गहू इतरांपेक्षा जास्त पडले असतील, पण ते सगळे एकत्र मिसळले, आता कोण बघणार.

काल त्या मालिशवाल्या पोरीला भेटून आलो. तिला सांगितलं तर तिनं मला तीन वेळा विचारलं, हाताने धरून तर आणला नव्हता ना? नाही म्हटल्यावर ती खुर्चीतून उठली. ती म्हणते, पहिल्यांदा फार जोर लावल्यावर येतो, नंतर न बोलावता येतो. पण आत्ता थांबलात तर परत जाईल. पूर्ण हात येईल का, ते ती सांगत नाही. मीही सांगत नाही. आपण देवीला मूठ मागितली होती. ती तिनं दिली. तिच्यात किती गहू राहतील, ते आता तुझ्या हातावर आहे.

मेहनत कमी पडली असं पुन्हा म्हणू नकोस. तुझा हात रोज माझ्या गुडघ्यावर होता, मला माहीत आहे.

इथे सकाळी मी एकटा चहा करतो आणि तो नीट होत नाही. चेंडू मी मुद्दाम नेला नाही, तो देव्हाऱ्याच्या खालच्या खणात ठेवलाय. सकाळी काढ. मामाला सांग, तुझा व्यायाम होईपर्यंत चहा त्यालाही मिळणार नाही. तो कुरकुर करील, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. आणि मामा, हे वाक्य गाळू नकोस, तिला पूर्ण वाचून दाखव.

पोळ्याला येतो. माझ्यावर रागावली असशील तर रागाव, पण मूठ आवळून रागाव.

तुझा,
पोऱ्या